कल्बा, आठ किलोमीटर

रात्रीचे अडीच. फुजैराबाहेर टँकर नांगरून उभे,
प्रत्येकाच्या डोक्यावर एक दिवा,
निघायची घाई कुणालाच नाही.
आत एसी असा की सुगुणन मफलर गुंडाळून बसतो,
आणि माझ्यापुढे तिसऱ्यांदा उघडलेली तीच तक्रार:
कल्ब्याचं पैसे पाठवायचं दुकान.
लिंक फार हळू. गिऱ्हाईक शिव्या घालतं.

कल्बा इथून आठ किलोमीटर.
गच्चीवर गेलं तर त्यांच्या मशिदीचा हिरवा दिवा दिसतो.

काळ्या पडद्यावर ट्रेसराउट लिहितो, पत्ता देतो, एंटर.

नव्या पोरांना मी हे असं समजावतो:
पाकिटाला निघतानाच आयुष्य लिहून द्यायचं.
पहिल्याला एक. पहिल्या दारात एक वजा, खाली शून्य,
ते तिथेच पडतं, आणि दारवान उलट निरोप धाडतो,
तुमचं माणूस माझ्या उंबऱ्यावर गेलं.
मग दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला तीन.
मरायलाच पाठवायची, दर खेपेला एक पाऊल जास्त,
आणि मयतीच्या निरोपांवरून रस्ता मांडायचा.
पोरं हसतात.
सुगुणन हसत नाही, त्याच्या व्हिसाचे चार महिने उरलेत.

ओळी उमटायला लागतात.
आमचं दार, एक मिलिसेकंद.
मग किनाऱ्यावरचं ते बिनखिडक्यांचं घर,
जिथे केबल पाण्यातून वर येते.
आणि चौथ्या ओळीत मार्सेय.
मी चष्मा पुसला. मार्सेयच.
पुढे फ्रँकफुर्ट, मग पुन्हा सुएझ, पुन्हा लाल समुद्र,
एडनला वळसा, आणि शेवटी कल्बा:
दोनशे एकतीस.
अब्बांचा मचवा असता तरी हसला असता.

कारण साधं आहे.
इथल्या दोन कंपन्यांचं एकमेकींशी बोलणं नाही.
मधे एक तार टाकली की झालं, पण आधी कोण विचारणार?
दोघींच्या ओळखीचा तिसरा जर्मनीत बसतो,
तो घेतो याचं, देतो त्याला.

मुदस्सर कल्ब्यात राहतो. मासळी बाजाराच्या मागे, सहा वर्षं.
मला त्याची खबर मुंब्र्याहून येते.
ताहिरा आपा सांगते, त्याला शुगर निघाली.
मी म्हणतो, मेथी भिजवून घे म्हणावं, सकाळी अनशापोटी.
ती सांगते त्याला, माझं नाव गाळून.
जाऊन-येऊन दोन दिवस, कधी तीन.
मचव्याचं इंजिन कुणी विकलं, केवढ्याला विकलं,
हे आता अब्बांनाही विचारता येत नाही.

सातव्या ओळीत नुसते तीन तारे.
पोरं इथे हमखास म्हणतात, तुटलं सर.
तुटलं असतं तर आठवी ओळ आली असती का?
तो दारवान बोलत नाही, एवढंच.
आलेलं सगळं पुढे सोडतो.

अम्मीच्या ऑपरेशनला मी दापोलीत पोचलो
तेव्हा काउंटरवरची बाई म्हणाली, चाळीस हजार आलेत की.
पावतीवर नाव नव्हतं.

तक्रार मिटवताना एक रकाना भरावा लागतो: कारण.
दोष आमच्या बाजूला नाही.
हे वाक्य इतक्यांदा लिहिलंय की दोन बटणांवर बांधून ठेवलंय.
दाबली. उमटलं.
त्याच्या शेवटी कर्सर लुकलुकत राहिला,
सुगुणनने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.
मग बॅकस्पेस, एकेक अक्षर,
आणि तक्रार उघडीच ठेवून
रकान्यात लिहिलं: तार टाकावी लागेल. बोलून बघतो.

सहाला सुटलो. गाडी घराकडे वळायची ती वळली नाही.
कल्ब्याच्या पहिल्या चौकाला दोन फेऱ्या घातल्या,
मासळीचा वास काचेतून आत आला.
घड्याळ लावलं होतं.
अकरा मिनिटं.